आभाळ गडगडायच्या आधी : मोठ्या कुत्र्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं विजेच्या कडकडाटाला घाबरणाऱ्या कुत्र्यांविषयी आहेत, आणि त्यांतले बरेच कुत्रे तीस किलोंच्या पुढचे. घाबरलेल्या पॉमेरेनियनला उचलून कुशीत घेता येतं. घाबरलेल्या रॉटवायलरचं तसं नाही, म्हणून या वेळचं सगळं सदर मोठ्या कुत्र्यांनाच दिलं आहे.

आमचा जर्मन शेफर्ड साडेतीन वर्षांचा आहे, वजन ३६ किलो. वळीव सुरू झाला की घरभर येरझाऱ्या घालतो, दारं खरवडतो, पलंगाखाली घुसतो आणि तिथे अडकतो. परवा जाळीचं दार फाडून बाहेर पळाला. अशा वेळी नेमकं काय करावं?
— वाचक, मिरज

वीज कडाडत असताना करण्यासारखं फार थोडं असतं. जे करायचं ते आभाळ भरून यायच्या आधी, आणि त्यातलंही निम्मं काम कोरड्या, शांत दिवसांत.

आधी कुत्र्याकडे बघायला शिका. कडकडाट हा त्याच्यासाठी शेवटचा इशारा असतो. त्याआधी वारा पडतो किंवा उलटा फिरतो, हवेचा दाब उतरतो, मातीचा वास येतो, उजेड पिवळट होतो, आणि आपल्याला काहीच ऐकू येत नसताना त्याला लांबची गुरगुर ऐकू येते. पाणी पिता पिता तो मध्येच थांबतो. जबड्यावरून थेंब ओघळत असतात, पण मान वर, कान मागे वळलेले आणि तोंड घट्ट मिटलेलं. मग जीभ एकदा नाकावरून फिरते, जांभई येते, मागचा पाय उचलल्यासारखा होतो. धाप लागणं, लाळ गळणं, थरथर हे सगळं नंतरचं. जांभईच्या वेळी तुम्ही कामाला लागलात तर वेळ आहे. धाप लागल्यावर लागलात तर त्या दिवशी फक्त इजा टाळायची, शिकवणी नाही.

आता जागा. पलंगाखालची उंची साधारण दहा-बारा इंच असते. तिथे लॅब किंवा शेफर्ड डोकं घालतो, छातीशी अडकतो आणि अडकल्यामुळे आणखी बिथरतो. त्यामुळे पलंगाखालची फट फळी किंवा ट्रंका लावून बंदच करा. त्याऐवजी जेवणाचं टेबल घ्या. उंची अडीच फुटांच्या आसपास, म्हणजे तो आत उभा राहू शकतो. घराच्या आतल्या भिंतीला टेबल लावा, तीन बाजूंनी जाड चादरी जमिनीपर्यंत सोडा, चौथी बाजू उघडी ठेवा. खाली जुनी गोधडी दुमडून घाला. आडवा पसरलेला शेफर्ड मावायला चार फूट बाय तीन फूट जागा लागते.

पुष्कळ कुत्री स्वतःहून बाथरूम निवडतात. खिडकी लहान, भिंती जवळ, फरशी गार, त्यामुळे निवड वाईट नाही. जात असेल तर अडवू नका, पण चार गोष्टी बघा. दाराला ठोकळा लावून ते उघडंच राहील असं करा, कारण आत वळताना मोठ्या कुत्र्याच्या ढुंगणाने दार लागतं आणि तो कोंडला जातो. फिनेल आणि साबण उचलून ठेवा. गरम पाण्याची बादली आत नको. आणि ओल्या फरशीवर गोणपाट किंवा रबरी पायपुसणं टाका. पाय घसरला की त्या भीतीत पडण्याची भीतीही मिळते.

खोलीतला दिवा लावून ठेवा. अंधाऱ्या खोलीत विजेचा लखलखाट जास्त जाणवतो. दिवा चालू असेल आणि जाड पडदा ओढलेला असेल तर तो कमी जाणवतो. वादळात वीज जाणारच, म्हणून चार्जिंगचा दिवा आधीच भरून ठेवा. आवाज झाकायला टीव्हीपेक्षा कूलर किंवा एक्झॉस्ट पंखा चांगला. टीव्हीवरचं बोलणं वर-खाली होतं, कूलरची घरघर एकसारखी असते, आणि मे महिन्यात वारा मिळतो हे वेगळंच.

गोधडीची सवय मात्र आज लावायला घ्या, ढग यायची वाट न बघता. रोज दोनदा, दहा मिनिटं. गोधडी टाका आणि शेजारी शांत बसा. त्याने तिच्यावर पाय ठेवला की हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या, तोही हातातून नाही, गोधडीवर त्याच्या पुढच्या पंजांच्या मध्ये ठेवून. बसला तर आणखी एक. आडवा झाला तर सावकाश तीन-चार. मग थांबा आणि त्याच्या कंबरेकडे बघत राहा. सावध कुत्रा दोन्ही मांड्या सरळ खाली घेऊन बसतो, केव्हाही उठता येईल असा. सैल पडला की एक कुल्ला बाजूला कलंडतो, हनुवटी खाली टेकते आणि श्वास पोटातून येऊ लागतो. तुकडा द्यायचा तो त्या क्षणी. दहा मिनिटं झाली की गोधडी गुंडाळून वर ठेवून द्या. ती सतत जमिनीवर पडलेली असली तर तिचा अर्थ राहत नाही. दोन-तीन आठवड्यांत गोधडी दिसली की कुत्रा तिच्यावर येऊन कलंडतो. मग ती टेबलाखाली न्या. लांबून गडगड सुरू झाली की गोधडी काढायची, एवढंच काम तुमच्याकडे उरतं.

दार फाडून पळाला ही गोष्ट सगळ्यांत गंभीर आहे. घाबरलेला मोठा कुत्रा काच, जाळी, गॅलरीचा कठडा काहीही बघत नाही. वादळाची शक्यता असलेल्या दिवशी दोन दारांचा नियम ठेवा. त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये नेहमी दोन बंद दारं हवीत. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला आणि जमलं तर मायक्रोचिप. बाहेर न्यावंच लागलं तर नुसत्या गळपट्ट्यावर नेऊ नका. मागे सरकताना शेफर्डच्या जाड मानेवरून पट्टा सहज निघतो. छातीचा पट्टा बांधा आणि दोरी दोन्हींत अडकवा. लोखंडी पिंजऱ्यात कोंडणं हा उपाय नाही. पिंजऱ्यात कोंडलेल्या भ्यायलेल्या कुत्र्यांचे सुळे तुटतात, नखं उपटून येतात. पिंजऱ्याची सवय आधीपासून असेल आणि तो स्वतःहून आत जात असेल तर जाऊ द्या, दार उघडं ठेवून.

वेळेचं म्हणाल तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं दामिनी अ‍ॅप फोनमध्ये घाला. आपल्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात विजा पडू लागल्या की ते इशारा देतं. मोजायची जुनी पद्धतही पाठ असू द्या. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत जितके सेकंद, त्याला तिनाने भागलं की साधारण किलोमीटर. तीस सेकंद आले तर वीज दहा किलोमीटरवर आहे, कुत्र्याला फिरवून आणण्याची वेळ संपली आहे आणि तुम्हीही आत असायला हवं. एप्रिल-मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपार कलल्यावर विजांचं प्रमाण वाढतं. या महिन्यांत मोठा फेरफटका सकाळी घ्या आणि संध्याकाळचा चारच्या आत उरका.

घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळलं तर त्याची भीती वाढते, तो लाडावतो, असं सगळे सांगतात. खरं आहे का?
— वाचक, नागपूर

नाही. हा समज निघून जावा असं आम्हाला मनापासून वाटतं. त्यापायी कितीतरी कुत्री ऐन गडगडाटात एकटी सोडली जातात. बसणं किंवा पंजा देणं ही शिकलेली कृती असते, बक्षिसाने ती वाढते. भीती ही कृती नाही, ती वाटते. थरथरणाऱ्या कुत्र्याला चिकनचा तुकडा दिला म्हणून त्याला अधिक थरथरावंसं वाटत नाही. तो जवळ आला तर जवळ घ्या. फक्त घाईघाईने थोपटणं, चिरक्या आवाजात समजूत घालणं, चेहऱ्यावर वाकणं टाळा. त्याच्या खांद्याच्या मागे तळहात सपाट ठेवा आणि केसांच्या दिशेने शेपटीपर्यंत सावकाश न्या. मिनिटाला आठ-दहा वेळा, इतकंच. तो उठून बाथरूममध्ये गेला तर मागे जाऊ नका.

रागावणं, दामटवून बसवणं, गळपट्टा धरून ओढत नेणं मात्र घातक. भीतीच्या भरात धरलेल्या हाताला चावा बसतो, आणि चाळीस किलोंच्या कुत्र्याचा चावा म्हणजे टाके. घरातल्या लहान मुलांना आणि आजी-आजोबांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा. दाराकडे धावणाऱ्या कुत्र्याच्या धक्क्याने म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडू शकतं.

आमच्या ग्रेट डेनचं वजन ५८ किलो आहे. ओळखीच्या एकाने ‘झोपेची अर्धी गोळी दे, पडून राहील’ असा सल्ला दिला. देऊ का?
— वाचक, पुणे

देऊ नका. पडून राहणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असिप्रोमॅझिन नावाचं जुनं औषध अजून काही ठिकाणी दिलं जातं. ते एकटंच दिलं तर कुत्रा हलू शकत नाही, पण ऐकत असतो आणि घाबरतही असतो. बाहेरून शांत, आतून तेवढाच भेदरलेला. त्यातून ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींना हे औषध वाजवीपेक्षा जास्त चढतं.

भीती कमी करणारी औषधं आहेत आणि ती वापरण्यात काहीही कमीपणा नाही. जो कुत्रा दार फाडतो, दात तोडून घेतो, तासन्‌तास धापा टाकतो त्याला औषधाशिवाय ठेवणं हाच अन्याय आहे. पण ती तुमच्या कुत्र्याला तपासलेल्या पशुवैद्याच्या चिठ्ठीनेच, कारण डोस नुसता वजनाने गुणून निघत नाही. यकृत, मूत्रपिंड, हृदय बघावं लागतं, आणि डेनमध्ये हृदयाचे आजार बऱ्यापैकी आढळतात.

डॉक्टरांकडे जाताना या गोष्टी माहीत असल्या तर बोलणं नीट होतं. वेळेपुरत्या दिल्या जाणाऱ्या औषधांत अल्प्राझोलाम साधारण अर्ध्या ते एका तासात काम करू लागतं, ट्रॅझोडोन एक-दोन तासांत, गॅबापेंटिनला दोनेक तास द्यावे लागतात. म्हणजे पहिला कडकडाट ऐकून गोळी शोधायला गेलात तर औषध चढेपर्यंत वादळ निघून गेलेलं असतं, आणि मग लोक म्हणतात गोळीचा उपयोग नाही. हवामान खात्याचा इशारा असेल त्या दुपारी आधीच द्यायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या. दुसरं असं की पहिला डोस वादळाच्या दिवशी नको. निरभ्र सुट्टीच्या दिवशी, सहा-आठ तास कोणी घरी असताना तो देऊन बघा. काही कुत्र्यांना अल्प्राझोलामने उलट चेव येतो, काही लटपटतात. ५८ किलोंचा लटपटणारा कुत्रा जिन्यावर सापडला तर सावरणार कोण? चाचणीच्या दिवशी जिन्याला आडोसा लावा.

तिसरं, फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन ही रोज द्यायची औषधं आहेत. त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. मेमधल्या वळवासाठी ती मार्चमध्ये सुरू झालेली हवीत, आणि मनाने एकदम बंद करायची नाहीत. चौथी गोष्ट बहुतेक जण सांगायला विसरतात. तुम्ही गोचिडांसाठी कुत्र्याला अमिट्राझच्या पाण्याने आंघोळ घालत असाल, किंवा तसा पट्टा बांधत असाल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अमिट्राझ आणि वरच्या दोन रोजच्या औषधांची एकत्र गाठ धोक्याची आहे. गोचिडांवर दुसरं औषध मिळतं.

घरातल्या माणसांच्या गोळ्या आणि सिरप यांना हात लावू नका. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत, गॅबापेंटिनच्या सिरपमध्येसुद्धा, गोडीसाठी झायलिटॉल असतं. कुत्र्याची साखर त्याने झपाट्याने खाली येते, यकृत निकामी होऊ शकतं.

शेतातल्या वस्तीवर आमचा कारवानी जातीचा कुत्रा असतो. निंबाच्या झाडाला साखळीने बांधतो. वीज कडाडली की वेड्यासारखा हिसके मारतो. घरात आणायची सवय नाही. काय करावं?
— वाचक, लातूर जिल्हा

आज संध्याकाळपासून झाड सोडा. झाडावर वीज पडली की खाली बांधलेली जनावरं दगावतात, हे मराठवाड्यात कुणाला वेगळं सांगायला नको. गुरांना जे लागू तेच कुत्र्याला. त्यात साखळी. कारवानी उंच उडी मारतो, साखळी फांदीवर किंवा कुंपणावर अडकली की तोच फास होतो.

घराला माळवद असेल तर तुमच्याकडे शहरातल्यापेक्षा चांगली सोय आहे. मातीच्या जाड भिंती आणि छत आवाज खाऊन टाकतात. आतली, खिडकी नसलेली खोली द्या. पत्र्याची शेड टाळा. पत्र्यावर पावसाचा जो ताशा वाजतो त्याने निम्मी भीती तिथेच तयार होते. गोठ्यातही नको. विजेने बुजलेल्या बैलाची लाथ बारीक हाडाच्या कारवान्याला एकच पुरते.

घराची सवय नसलेल्या कुत्र्याला ऐन वादळात आत ओढलं तर त्याला दोन भीती होतात. म्हणून आठवडाभर रोज संध्याकाळची भाकरी-दूध त्या खोलीत द्या. पहिले दोन दिवस उंबऱ्यावर, मग एक हात आत, मग दोन, मग भिंतीशी. दार उघडंच ठेवा. जेवून बाहेर आला तर येऊ द्या. आठव्या-नवव्या दिवशी तो जेवल्यावर तिथेच बसू लागला की दार थोडं लोटून बघा. त्याचं नेहमीचं पोतं तिथेच टाका, धुऊ नका, त्याचा वास त्यात राहू द्या.

कारवानी, पश्मी, मुधोळ या जातींच्या अंगावर चरबी अगदी कमी असते. भुलीची काही औषधं त्यांच्या अंगातून सावकाश उतरतात. डॉक्टरांनी औषध किंवा इंजेक्शन द्यायचं ठरवलं तर जात सांगा. गावठी म्हणून नोंद झाली तर चूक होऊ शकते.

आमची गोल्डन रिट्रीव्हर नऊ वर्षांची. आजवर कधी पावसाला घाबरली नाही. गेल्या परतीच्या पावसापासून अचानक थरथरते. वयामुळे असेल का?
— वाचक, नाशिक

वयामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका. उतारवयात एकाएकी सुरू झालेल्या आवाजाच्या भीतीमागे पुष्कळदा दुखणं असतं. दचकलं की अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात. खुबा, कोपर किंवा पाठ दुखत असेल तर त्या आवळण्याने कळ येते. दोन-चार वेळा असं झालं की तिच्या लेखी आवाज म्हणजेच कळ.

घरी बघण्यासारखं बरंच आहे. उठताना ती पुढच्या पायांवर जोर देऊन मागचा भाग ओढते का? गुळगुळीत फरशीवरून जाताना भिंतीकडेने जाते का? एकाच सांध्याला चाटून तिथले केस तांबूस झालेत का? गाडीत चढायला मागे-पुढे करते का? यातलं काहीही दिसलं तर तिच्या चालण्याचा आणि उठण्याचा मोबाइलवर एक-एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात अंगात जोर येतो आणि लंगडणं दिसत नाही. खुबे, कोपरं आणि मणके यांचा एक्स-रे, थायरॉइडची तपासणी, डोळे आणि कान हे बघून घेतलं पाहिजे. रात्री-अपरात्री घरात हरवल्यासारखी फिरत असेल, कोपऱ्यात तोंड करून उभी राहत असेल तर तेही सांगा. तो मेंदूच्या म्हातारपणाचा भाग असू शकतो.

दुखण्यावर नीट उपचार झाले की भीती बऱ्याचदा उतरते, कधीकधी वेगळं काही न करता. मात्र आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांतलं काहीही स्वतःहून देऊ नका.

इंटरनेटवर मेघगर्जनेचे आवाज मिळतात. रोज स्वयंपाक करताना मोबाइलवर लावून ठेवते, म्हणजे आमच्या लॅबला सवय होईल. पंधरा दिवस झाले, फरक नाही, उलट तो आता स्वयंपाकघरात यायलाच तयार नाही.
— वाचक, ठाणे

आधी ते बंद करा. घाबरवणारा आवाज नुसता ऐकत ठेवला तर सवय होत नाही, भीती पक्की होते, आणि जागेलाही चिकटते. तुमच्याकडे नेमकं तेच झालं आहे. पुढचे दोन-तीन आठवडे स्वयंपाकघरात आवाज नको, फक्त त्याचं जेवण तिथे द्या. कल्पना मात्र बरोबर होती, चुकली ती रीत.

पहिली चूक यंत्राची. मोबाइलच्या स्पीकरमधून गर्जनेचा वरचा कडकडाट तेवढा येतो, छातीत आणि फरशीत जाणवणारा खालचा घुमारा येत नाही. कुत्र्याला पंजांतून जाणवतो तो घुमारा. वूफर असलेला स्पीकर किंवा साउंडबार लागेल, जमिनीवर ठेवलेला. आधी एकदा अगदी हळू आवाजात वाजवून बघा. काही कुत्री रेकॉर्डिंगला ढिम्म हलत नाहीत. तसं असेल तर या सगळ्याचा उपयोग नाही, गोधडीवर आणि औषधावर भर द्या.

दुसरी चूक हंगामाची. हे काम दिवाळीचे फटाके संपले की सुरू करायचं आणि होळीच्या आसपास संपवायचं. तेवढ्या महिन्यांत आपल्याकडे विजा सर्वांत कमी असतात. मेमध्ये शिकवायला घेतलं तर तुम्ही जे आठ दिवसांत कमावता ते एक खरा वळीव एका संध्याकाळी पुसून टाकतो.

आता रीत. एक बैठक पाच ते दहा मिनिटांची, आठवड्यातून तीन ते पाच दिवस. तीस-पस्तीस किलोंच्या लॅबसाठी साठ-सत्तर ग्रॅम उकडलेलं चिकन, हरभऱ्याएवढे तुकडे. मीठ, कांदा, लसूण काही नाही. लॅब वजनाला चढतात, म्हणून तेवढं त्याच्या जेवणातून वजा करा. आवाज इतका हळू की तुम्हालाच कान देऊन ऐकावा लागेल. आधी आवाज, मग एका सेकंदाने तुकडा. आवाज चालू आहे तोवर एकेक तुकडा येत राहतो. आवाज थांबला की तुकडेही थांबतात. हा क्रम उलटू देऊ नका. आधी चिकनचा डबा उघडला आणि मग गडगड लावली तर कुत्रा शिकतो की डबा उघडला म्हणजे काहीतरी वाईट होणार. काही दिवसांत चिकन बघून पळणारा लॅब तयार होतो. ही चूक फार होते.

कान एकदा आवाजाकडे वळला आणि परत तुमच्या हाताकडे आला, तर पातळी बरोबर. खाणं थांबलं, तुकडा ओरबाडून घेऊ लागला, ओठ चाटले, जांभई दिली, उठून गेला, तर आवाज जास्त आहे. एरवी मऊ ओठांनी खाणारा लॅब बोटांना दात लावू लागला की ती बैठक तिथेच संपवा. लागोपाठ तीन बैठका निवांत गेल्या की आवाजाचा एक आकडा वाढवा. एकदा जरी घाबरला तर दोन आकडे खाली या. मधूनमधून स्पीकरची जागा बदला, नाहीतर त्या कोपऱ्यापुरतंच शिक्षण होतं.

आवाज बऱ्यापैकी पचला की वादळाचे बाकीचे भाग सुटे सुटे घ्या. पडदे ओढून अंधार, पंखा एकदम पूर्ण वेगात, भिंतीवर टॉर्चची उघडझाप, खिडकीच्या काचेवर बाहेरून पाण्याचा फवारा. प्रत्येक भाग तुकड्यांसोबत, वेगळा. मग दोन-दोन एकत्र, आणि एकत्र करताना आवाज पुन्हा पहिल्या पातळीवर. हवेचा दाब आणि मातीचा वास आपल्याला घरात आणता येत नाही, त्यामुळे खऱ्या वादळात थोडी भीती उरतेच. पण धाप लागण्याऐवजी तो गोधडीवर येऊन पडला तर चार महिन्यांची मेहनत फळली असं धरा.

खऱ्या वादळातही, तो खात असेल तोवर, प्रत्येक गडगडाटानंतर लगेच तुकडा द्या. याला काही सरावाची तयारी लागत नाही. भीती अजून सुरू न झालेल्या पिल्लांना तर पहिल्या पावसाळ्यापासून हेच करावं.

इथे टेक्सासमध्ये वसंतात फार वादळं होतात. अंगावरची स्थिर वीज घालवायला कपडे वाळवण्याच्या यंत्रातले सुगंधी कागद कुत्र्याच्या अंगावरून फिरवा असं सांगतात. आणि आईने भारतातून ओढणी गुंडाळायचा उपाय सुचवला आहे.
— वाचक, डॅलस

कागद नको. त्यातली रसायनं केसांवर राहतात, कुत्रा अंग चाटतो, आणि तोंडात-पोटात जखमा होऊ शकतात. ओला पंचा पिळून अंगावरून फिरवला तरी पुरे.

ओढणीचा उपाय काही कुत्र्यांना बरा पडतो, काहींना नाही. अडीच मीटरची सुती ओढणी तीस किलोंपर्यंत पुरते. मध्य छातीवर, दोन्ही टोकं खांद्यांवरून पाठीवर नेऊन एकमेकांवरून घ्या, पोटाखाली पुन्हा तिढा द्या आणि वर आणून गाठ कण्याच्या बाजूला मारा, कण्यावर नाही. दोन बोटं आत जायला हवीत. आधी शांत दिवसांत पाच-सहा वेळा, पंधरा मिनिटं, खाऊसोबत. गुंडाळल्यावर पुतळ्यासारखा उभा राहिला तर तो शांत झाला असं समजू नका, थिजला आहे, सोडा. धाप लागली असेल किंवा उकाडा असेल तर मुळीच बांधू नका. तुमच्याकडे डेक्समेडेटोमिडीनचं जेल याच भीतीसाठी मान्यताप्राप्त आहे, डॉक्टरांना विचारा. ते गाल आणि हिरडीच्या मध्ये लावायचं असतं. गिळलं तर काम करत नाही, म्हणून त्यानंतर काही वेळ खाऊ देऊ नका.

वादळ थांबून दोन तास झाले तरी आमचा डॉबरमॅन धापा टाकतो, जेवत नाही. किती वेळ वाट बघावी?
— वाचक, कोल्हापूर

भीती उतरायला तास-दोन तास लागतात, एखादं जेवण चुकलं तरी चालतं. पण डॉबरमॅन, शेफर्ड, डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत दोन गोष्टी भीतीसारख्याच दिसतात आणि जिवावर येतात, म्हणून नुसतं घड्याळ बघू नका.

एक उष्माघात. बंद खोली, गेलेली वीज, मेचा उकाडा आणि तासभर धाप. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघा. नेहमीचा ३८ ते ३९.२ सेल्सिअस. ४० च्या वर गेला, हिरड्या विटकरी लाल झाल्या, लाळ चिकट झाली तर अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली ठेवा आणि निघा. बर्फ लागत नाही.

दुसरी, पोटाला पीळ पडणं. धापा टाकताना कुत्रा हवा गिळतो, भरल्या पोटी उड्या मारतो, जठर फुगतं आणि आपल्याभोवती फिरतं. अस्वस्थ येरझाऱ्या दोन्हींत असतात. फरक इथे बघा. ओकारी येते पण काही पडत नाही, फक्त पांढरा फेस. बरगड्यांच्या मागे पोट फुगतं, टिचकी मारली तर डग्ग्यासारखं वाजतं. तो वळून वळून पोटाकडे बघतो, बसता येत नाही, हिरड्या फिकट पडतात. यातली कोरडी ओकारी एकटी दिसली तरी सकाळची वाट बघू नका. काही तासांत कुत्रा जातो आणि शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही. पाणी पाजू नका, तोंडात हात घालून ओकारी काढू नका, पोट चोळू नका.

हे टाळायला वादळी महिन्यांत दिवसाचं खाणं दोनऐवजी तीन वेळांत वाटा, आणि दुपारचं मोठं जेवण आभाळ भरायच्या किमान दोन तास आधी उरका. रात्री उघडा असणारा आणि अशी शस्त्रक्रिया करणारा जवळचा दवाखाना कोणता, हे आजच विचारून ठेवा आणि त्याचा नंबर कुत्र्याच्या पट्ट्याशेजारी भिंतीवर लिहा.